५० आणि ५१ नंबरची खोली

वाड्यांचा इतिहास पुष्कळ लिहून झाला. भोसल्यांचा वाडा कुठं होता, दरवाजे किती, हे शाळेत घोकून घेतात. पण पाय पसरले की भिंतीला लागतात, त्या घराचा इतिहास कोणी लिहायचा?

आमचा खापा कन्हान नदीच्या काठचा, विणकरांचा. हातमागाच्या घरात पहिला मान मागाचा. मागाचा खड्डा, ताणा, कांड्या भरायचा चरखा यांना जागा दिली की जे उरेल त्यात चूल आणि माणसं. कोष्ट्याचं घर असं, तसंच नागपूर जिल्ह्यात जाडंभरडं कापड विणणाऱ्या महाराचंही. म्हणून मुंबईची परळची एक खोली मला परकी वाटत नाही. तिचा इतिहास आपला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळी बांधल्या. रस्ते रुंद झाले, मजुराची खोली अरुंदच राहिली. ही अरुंदी आभाळातून पडलेली नाही. ती कोणीतरी कागदावर आखली. मजुराला एवढं पुरे, असं ठरवून आखली.

परळच्या बीआयटी चाळ नंबर १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. मधे अमेरिका, लंडन झालं, पण घर म्हणजे हेच. महाड १९२७, काळाराम मंदिर १९३०, पुणे करार १९३२, सगळं या मुक्कामातलं. बाबासाहेब परदेशात असताना संसार रमाईनं ओढला. तिची चार लेकरं गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली.

आपले काही वक्ते सांगतात, बघा, एवढ्याशा खोलीत राहून केवढा मोठा माणूस झाला! मला हे पटत नाही. बाबासाहेब खोलीमुळं मोठे झाले नाहीत, खोली असूनही झाले. अरुंदीचं कौतुक करणारा माणूस उद्या तुमच्या-माझ्या लेकरांनाही तेवढीच जागा पुरेल म्हणेल.

आणि अरुंदी नुसती घरात नव्हती. चाळीतून उतरून माणूस गिरणीत जायचा, तिथंही दार अरुंदच. साळखात्यात पगार बरा, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणजे गावाकडं पिढ्यान्‌पिढ्या विणणारा माणूस गिरणीत विणायला नालायक! मी गिरणीत राबतो. सुताला जात नसते हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला : सगळी खाती आमच्या माणसांना खुली करा. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना ही मागणी गिळणं जड गेलं.

लंडनला किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. चांगलं केलं. पण दोन वर्षांच्या घराला जेवढा मान, तेवढा बावीस वर्षांच्या चाळीला आपण तरी देतो का? १४ एप्रिलला निळ्या झेंड्याखाली नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ५० आणि ५१ हे आकडे माहीत आहेत?

मित्रहो, सरकारची वाट बघू नका. एक टेप घ्या, एक वही घ्या. आपल्या वस्तीतली जुनी खोली मोजा. लांबी, रुंदी, खिडक्या, माणसं किती. कोण कुठून आलं, काय विणलं, कोणत्या खात्यात घेतलं नाही, म्हाताऱ्या बायांना विचारा. त्या नावानिशी सांगतील. त्या आहेत तोवर लिहून घ्या. आणि लिहून झालं की तोच कागद घेऊन नगरपरिषदेत जा, आणि विचारा, आम्हाला एवढीच जागा पुरेल, हे कोणी ठरवलं?