ट्रान्झिएंट (क्लोजर भाषेतील)

फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या क्लोजर भाषेतील, बांधणी चालू असेपर्यंतच बदलता येणारी डेटारचना. रिच हिकी यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत व्हेक्टर, मॅप व सेट एकदा तयार झाले की बदलत नाहीत. घटक वाढवला की नवी आवृत्ती मिळते, जुनी शाबूत राहते. त्यामुळे कितीही थ्रेड त्या एकाच वेळी वाचू शकतात, लॉक लागत नाही. मात्र लाखभर घटक एकेक करून भरायचे, तर दरवेळी काही नोडची नक्कल होते. हा खर्च टाळण्यासाठी 1.1 आवृत्तीत ट्रान्झिएंट आले.

व्हेक्टर आतून 32 फांद्यांच्या नोडचे झाड असते. ट्रान्झिएंट काढताना सगळ्या झाडाची नक्कल होत नाही. त्या ट्रान्झिएंटची नवी मालकीखूण तयार होते. खूण जुळणारा नोड जागच्या जागी बदलतो. न जुळल्यास आधी त्याची नक्कल होते. म्हणून एकाच व्हेक्टरपासून दोन थ्रेडनी आपापले ट्रान्झिएंट काढले तरी बिघडत नाही. शेवटी ‘पर्सिस्टंट!’ हे फंक्शन खूण पुसते आणि त्यानंतर ट्रान्झिएंटला हात लावल्यास एरर येते.

धोका आहे तो एकच ट्रान्झिएंट दोन थ्रेडच्या हाती पडण्यात. समजा, त्यात 10 घटक आहेत. दोघांनीही 10 हाच आकडा वाचला आणि एकाच जागेत लिहिले, की एकाचा घटक गेला. वर दोघांनी संख्या एकेकाने वाढवली, तर ती 12 होते आणि शेवटची जागा रिकामीच राहते. एरर मात्र येत नाही.

सुरुवातीला परक्या थ्रेडने बदल करताच एरर येई. 1.7 (2015) मध्ये ही तपासणी काढून टाकली. कारण कोअर.असिंक या लायब्ररीतील गो ब्लॉक एका थ्रेडवर थांबून दुसऱ्यावर पुढे सुरू होऊ शकतो. तिथे एका वेळी एकच थ्रेड काम करत असूनही अडवणूक होई. निर्णय रास्तच, पण त्याबरोबर खऱ्या चुका पकडणारा पहाराही उठला. ‘एका वेळी एकच थ्रेड’ हा नियम आता प्रोग्रॅमरनेच पाळायचा. हास्केल भाषेच्या एसटी मोनाडमध्ये बदलती रचना बाहेर निसटू पाहिली, तर कंपायलरच अडवतो; क्लोजरमध्ये तशी सोय नाही.

थ्रेडशी संबंध नसलेली एक चूक नवशिक्यांकडून हमखास होते: घटक भरणाऱ्या ‘असोक!’ या फंक्शनने परत दिलेले मूल्य सोडून मूळ ट्रान्झिएंटच वापरत राहणे. रिकाम्या मॅपमध्ये असे 20 घटक भरले, तर हाती 8च लागतात, कारण नवव्याला आतली रचना बदलून नवे ट्रान्झिएंट परत मिळालेले असते.