बेलतेलाच्या चिंध्यांचा डबा

फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारखान्यात कचऱ्यासाठी काय ठेवायचं असा प्रश्न आला की बहुतेक वेळा रंगाचा रिकामा पिंप पुढे सरकवला जातो. दिवसभर त्यात भुसा, झिजलेला पॉलिश पेपर, चहाचे कागदी कप आणि बेलतेलाने चिंब झालेल्या चिंध्या एकत्र पडत राहतात. बाकीचा कचरा एखादा दिवस तसाच राहिला तरी फारसं बिघडत नाही. चिंध्यांचं तसं नाही.

त्यांच्यासाठी बनवलेला डबा अगदी वेगळा दिसतो. गोल, जाड पत्र्याचा, बहुधा लाल. खाली पायाने दाबायची पट्टी, आणि तळ जमिनीपासून थोडा उचललेला. झाकण ६० अंशांपलीकडे उघडतच नाही, त्यामुळे पाय काढला की ते आपल्याच वजनाने धप्पकन खाली येतं. उघडं ठेवायचं म्हटलं तरी राहत नाही. हात तेलकट असले किंवा दोन्ही हातांत चिंध्या असल्या तरी कामगाराचं अडत नाही, म्हणून झाकणाला वीट लावून ठेवायचा मोहही होत नाही. या साध्या वस्तूचा प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या आगीतून शिकून आलेला आहे.

बेलतेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. ते वाळतं असं आपण म्हणतो, पण पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं आणि त्या प्रक्रियेत उष्णता सुटते. फळीवर ती लगेच विरून जाते. चिंधीत मात्र तेच तेल शेकडो धाग्यांवर पातळ पसरतं, म्हणजे हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. अशा चिंध्यांचा बोळा करून टाकला की आत उष्णता कोंडते, कोंडल्याने प्रक्रिया आणखी वेगाने चालते, आणि काही तासांनी काडी न लावता धूर निघू लागतो. बहुधा तेव्हा कारखान्यात कोणी नसतं.

रशियाच्या आरमाराला हे १८व्या शतकातच भोवलं होतं. १७८१ साली क्रोनस्टाटच्या बंदरात एका फ्रिगेटवर आग लागली, आणि संशय गेला काजळी व हेम्पच्या तेलाच्या गाठोड्यावर. मग मुद्दाम तसंच मिश्रण करून, चटईत गुंडाळून ठेवण्यात आलं. ते आपोआप पेटलं. त्या काळी अशा आगीचा आळ घातपातावर किंवा पहारेकऱ्याच्या चिलमीवर जाणं किती सोपं होतं, हे लक्षात घेतलं की या प्रयोगाचं मोल कळतं.

डब्याला मात्र घडवलं ते पुढच्या शतकात, अमेरिकेतल्या कापड गिरण्यांनी आणि त्यांचा विमा उतरवणाऱ्यांनी. ऱ्होड आयलंडचे गिरणीमालक झकरायाह ॲलन यांनी आपली गिरणी आगीपासून जपण्यासाठी खर्च केला, तरी विमा कंपनीने हप्ता कमी केला नाही. तेव्हा १८३५ साली त्यांनी गिरणीमालकांचाच परस्पर विमा उभा केला. नुकसान आपल्याच खिशातून जाणार म्हटल्यावर आग का लागते हे शोधणं त्यांना भागच होतं. यंत्रं पुसलेलं तेलकट कापूस-वेस्ट धातूच्या झाकणबंद डब्यातच टाकायचं आणि रोज संध्याकाळी इमारतीबाहेर काढायचं, ही शिस्त याच परंपरेतली. इंग्लंडात लीड्सच्या लोकर-व्यवसायात १९व्या शतकाच्या अखेरीस मॅके यांची चाचणी आली. ७ ग्रॅम कापसात १४ ग्रॅम तेल मुरवायचं, उकळत्या पाण्याच्या वेढ्यात ठेवायचं आणि तासाभरात आतला पारा १०० अंश सेल्सियसच्या वर गेला तर ते तेल धोक्याचं मानायचं. खनिज तेल असं आपोआप तापत नाही, जवसाचं तापतं. म्हणून गॅरेजमधल्या इंजिन ऑइलच्या चिंध्यांपेक्षा सुताराच्या चिंध्या जास्त जपाव्या लागतात.

एवढं ठाऊक असूनही २३ फेब्रुवारी १९९१ च्या शनिवारी फिलाडेल्फियात ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा पेटली. २२व्या मजल्यावर लाकूडकाम करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या जवस तेलाच्या चिंध्या, एवढंच कारण. आग सुमारे १९ तास चालली, तीन अग्निशामक जवान गेले, आणि ३०व्या मजल्यावरच्या स्प्रिंकलरांनी ती रोखली. पत्र्याच्या एका डब्याने हे टळलं असतं, असं मला मनापासून वाटतं. झाकण हवा तोडतं, आत पेटलंच तर पत्रा आग आतच ठेवतो आणि उचललेला तळ लाकडी जमिनीपर्यंत आच पोचू देत नाही. प्लॅस्टिकची बादली यातलं काहीच करत नाही. ती वितळते आणि स्वतःच जळण होते.

आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने अधिनियम, १९४८ कामाच्या जागेतला केरकचरा रोज काढायला सांगत असे. चिंध्यांच्या बाबतीत त्यातला ‘रोज’ अक्षरशः घ्यावा. डबा निवडताना मालक मोठा मागतात, वारंवार रिकामा करावा लागू नये म्हणून. इथे तो लहानच घ्यावा. हे डबे साधारण २० लिटरपासून ८० लिटरपर्यंत मिळतात. एका पाळीच्या चिंध्यांनी भरेल एवढाच डबा पॉलिशच्या टेबलाशेजारी असावा, त्यात भुसा आणि कागद पडू देऊ नये, आणि शेवटचा माणूस कुलूप लावण्याआधी तो बाहेर रिकामा करून यावा. बाहेरही ढीग नको. चिंध्या एकेक सुट्या करून, मोकळ्या हवेत वाळत घालाव्यात.