आमच्याकडं कॅसेट एकच होती

३. आमच्याकडं कॅसेट एकच होती : पेठ वडगावातल्या नव्वदच्या दशकातल्या घरांबद्दल लेखकाचं हे विधान. ते गरिबीची खूण म्हणून वाचू नये; जगभरातही एका यंत्रामागं खेळ मोजकेच विकले जात. टीव्हीला जोडून कॅसेटवरचे खेळ खेळायचं निन्टेंडो कंपनीचं यंत्र, फॅमिकॉम, १९८३ मध्ये जपानात आलं. त्याची परदेशी आवृत्ती धरून कंपनीच्या हिशेबात ६ कोटी १९ लाख यंत्रं आणि ५० कोटी खेळ विकले गेले, म्हणजे यंत्रामागं साधारण आठ. त्याच कंपनीच्या नंतरच्या ‘वी’ या यंत्राला हेच प्रमाण नवाच्या आसपास आहे. मात्र त्यात यंत्राच्या खोक्यातून आलेले खेळही मोजलेले आहेत.

वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावांत टीव्हीला जोडलं जाई ते बहुधा फॅमिकॉमची नक्कल असलेलं यंत्र. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं ठळक छापलेलं असे. यादी उघडली की मारिओ, टँक, बदकांची शिकार, आणि पुढच्या पानांवर नावं बदलून पुन्हा तेच. कॅसेटचे स्क्रू काढले तर आत हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या लाखेचा असावा तसा एक थेंब. खेळांची चिप त्याखाली. नवा खेळ हवा तर मित्राची कॅसेट मागून आणायची, आपली त्याला द्यायची, लागली नाही तर फुंकर मारून पुन्हा बसवायची. या देवघेवीची नोंद कुठल्याच विक्रीच्या आकड्यात नाही, आणि लेखकाच्या पिढीनं खेळलेले बहुतेक खेळ तिच्यातूनच आले. – संपा.