शिस्तीच्या भिंतीआड : बालगृहांची चौकशी नेमकी कोणाची?

निराधार मुलांच्या संस्थेत मारहाण झाली, मुली पळून गेल्या, की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'शिस्तीसाठी थोडे कडक व्हावेच लागते' आणि 'तपासणीत सर्व काही व्यवस्थित आढळले.' आम्ही या दोन्ही वाक्यांचा इतिहास मांडणार आहोत, कारण या भिंतींआड राहणारी लेकरे प्रामुख्याने गोरगरिबांची, वंचितांची आहेत.

आधी 'शिस्त' पाहू. 1863 साली महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे फसवल्या गेलेल्या विधवेची उलटतपासणी नव्हती, आधार होता. याच काळात इंग्रज सरकार काय करत होते? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. 1897 च्या दुरुस्तीने 4 ते 18 वयाची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात डांबण्याचा अधिकार सरकारला दिला. तोडण्याला 'सुधारणा' म्हटले गेले. कायदा 1952 साली रद्द झाला. पण गरिबाचे पोर म्हणजे वळण लावायचा ऐवज, ही नजर रद्द झाली काय?

आता 'तपासणी'. 1980 च्या दशकात मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी द्यायला लावले. 1986 साली बाल न्याय कायदा आला. आजच्या 2015 च्या कायद्यात कलम 54 प्रमाणे किमान तिघांच्या समितीने दर तीन महिन्यांनी प्रत्येक संस्थेला भेट द्यायची आहे. त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. कलम 82 प्रमाणे शिस्तीच्या नावाखाली संस्थेतल्या मुलाला मारणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या वेळी शिक्षा किती? 10,000 रुपये दंड. लेकराच्या पाठीची किंमत कायद्याने एवढीच लावली!

कायदा असूनही काय घडते, हे बिहारमधील मुजफ्फरपूरने दाखवले. 2017 साली बिहार सरकारच्या सांगण्यावरून मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने राज्यातील 110 निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण सुरू केले. एप्रिल 2018 मध्ये अहवाल दिला. 17 संस्थांबाबत त्यात गंभीर आक्षेप होते. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील लैंगिक अत्याचार त्यातूनच उघडे पडले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीला हलवला आणि जानेवारी 2020 मध्ये 19 जण दोषी ठरले. संस्थाचालकाला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. दोषींमध्ये जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा अध्यक्ष होता, बाल संरक्षण अधिकारीही होता. म्हणजे मुलींनी ज्यांच्याकडे दाद मागावी असे कायदा सांगतो, तेच आरोपीच्या पिंजऱ्यात! मग देखरेख नव्हती असे कसे म्हणायचे? देखरेख होती, पण ती मुलींची नव्हती, संस्थेची होती. बाहेरून आलेल्या लोकांनी मुलींचे ऐकले, तेव्हा भिंत फुटली.

यात नवे काही नाही. 1929 साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब स्वतः खानदेशात फिरले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दारी जाणे, हीच चौकशीची पहिली पायरी. पाटलाच्या ओसरीवर बसून वस्तीवरच्या बहिष्काराची चौकशी होत नाही. तशीच अधीक्षकाच्या केबिनमध्ये चहा घेत मुलांच्या तक्रारींची चौकशीही होत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. तक्रारपेटीची किल्ली संस्थेच्या हाती नको. मुलांशी बोलताना कर्मचारी खोलीत नको. पाहणी न कळवता व्हावी, ती संस्थेशी आणि जिल्हा यंत्रणेशी संबंध नसलेल्यांनी करावी आणि मुलांची ओळख झाकून अहवाल लोकांसमोर ठेवावा. 'मुले खोटे बोलतात' असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे : तुमची तपासणी खरी होती, तर मुजफ्फरपूर इतकी वर्षे झाकले कसे गेले?

दया नको, हक्क हवा. आपल्या गावातले बालगृह कुठे आहे, तिथली शेवटची पाहणी कधी झाली, हे प्रत्येक कार्यकर्त्याने माहिती अधिकाराचा अर्ज करून विचारावे. सुरुवात तिथूनच होईल.

जयभीम!