निविदा लिहिणारांचे वाचन

काव्य, नाटक, कादंबरी यांच्या गुणदोषांची चर्चा आपल्याकडे विपुल होते. परंतु ज्या कागदावर एखाद्या कारखान्यातील पन्नास कुटुंबांची मीठभाकर अवलंबून असते, तो निविदेचा कागद कसा लिहावा याविषयी साहित्याच्या उपासकांनी बोलणे बहुधा कमीपणाचे मानले जाते. हा समज बरोबर नाही, असे आम्हांस वाटते. असे वाटण्याचे कारणही नुकतेच घडले.

आमचा एक जुना विद्यार्थी पंपांच्या दुरुस्तीचा लहानसा कारखाना चालवतो. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी त्याने भरलेली निविदा नामंजूर झाली. दर वाजवी, कारागीर कसलेले; तरी काम गेले, म्हणून तो खिन्न होऊन आमच्याकडे आला आणि असे लेखन सुधारण्यासाठी काय वाचावे, असे विचारू लागला. आम्ही त्याचा कागद मागून घेतला. पहिली अकरा पाने कारखान्याचा इतिहास, यंत्रांची यादी व प्रशस्तिपत्रे यांनी व्यापली होती. पंप किती दिवसांत चालू होतील, या मुख्य प्रश्नाचे उत्तर बाराव्या पानावर होते. आणि तेथे दिलेली मुदत व शेवटच्या कोष्टकातील मुदत यांत दोन आठवड्यांचे अंतर होते. या विषयावरील चालू पाठ्यपुस्तके त्याच्या वाचनात होतीच. आम्ही त्यास एक प्राचीन अध्याय आणि तीन जुने कागद सांगितले. तेच येथे वाचकांपुढे ठेवतो.

अध्याय कौटिलीय अर्थशास्त्रातील आहे. शतकानुशतके केवळ नावाने उरलेला हा ग्रंथ शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये म्हैसूर येथे छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणातील दहावा अध्याय राजशासने कशी लिहावीत याविषयी आहे. राजाने लिहावयाचे आणि राजाकडे मागावयाचे यांत अंतर आहे, हे खरे. तथापि लेखाचे जे तेरा हेतू तेथे मोजले आहेत त्यांत अर्थना, म्हणजे मागणे, हाही एक आहे. लेखाचे गुण सहा सांगितले आहेत. मुख्य गोष्ट आधी मांडणे हा अर्थक्रम. मागच्याशी पुढच्याने अखेरपर्यंत न भांडणे हा संबंध. कमी नाही व अधिकही नाही ही परिपूर्णता. त्यानंतर माधुर्य, औदार्य आणि सर्वांच्या परिचयाचे शब्द वापरणे हे स्पष्टत्व. दोष पाच: मळका कागद व वेडीवाकडी अक्षरे ही अकांती, पूर्वापर विरोध हा व्याघात, शिवाय पुनरुक्त, अपशब्द आणि मजकुराची चुकीची विभागणी हा संप्लव. आमच्या विद्यार्थ्याने हा अध्याय वाचला आणि आपल्या अकरा पानांत अर्थक्रमाचा अभाव व दोन मुदतींत व्याघात, असे निदान त्याने स्वतःच केले. दोन हजार वर्षांच्या आसपास वय असलेल्या ग्रंथाने याहून अधिक काय करावे?

परंतु नियम वाचून लेखन येत नाही. उदाहरणे पाहावी लागतात. पहिले उदाहरण मिलानचे. सुमारे १४८२ मध्ये, वयाच्या तिशीत असलेल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्या पदरी राहण्यासाठी एक पत्र तयार केले. दुसऱ्याच्या हस्ताक्षरातील त्याचा मसुदा आजही मिलानच्या अंब्रोसियाना ग्रंथालयात आहे. आपल्याला तो चित्रकार म्हणून ठाऊक. परंतु पत्रात चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. आरंभापासून कलमवार हिशेब आहे तो हलक्या पुलांचा, तोफांचा, सुरुंगांचा आणि आच्छादित रणगाड्यांचा, कारण लुडोविकोच्या मनात त्या वेळी युद्ध होते. शांततेच्या काळी घरे बांधीन व पाणी खेळवीन, असे पुढे येते. आणि शेवटी लुडोविकोच्या दिवंगत पित्याचे स्मारक म्हणून काशाचा घोडा घडविण्याची तयारी. वर, यांपैकी काही अशक्य वाटल्यास आपण म्हणाल तेथे प्रयोग करून दाखवतो, हेही आहे. ‘मला काय येते’ यापेक्षा ‘तुम्हांला काय हवे’ याला अग्रमान देणारा असा कागद विरळाच.

तथापि या पत्राची पुढील कथा वाचल्याखेरीज ते वाचून झाले, असे समजू नये. घोड्याची प्रचंड मातीची प्रतिमा १४९३ मध्ये लोकांनी पाहिली. परंतु तिच्यासाठी जमविलेले कासे १४९४ मध्ये तोफा ओतण्यासाठी गेले, आणि १४९९ मध्ये मिलान जिंकणाऱ्या फ्रेंच सैन्यातील तिरंदाजांनी त्या प्रतिमेवर नेमबाजी केली. दोष लिओनार्दोचा नव्हता. परंतु मोठे वचन देणाराने ते कशाकशावर अवलंबून आहे, हेही ध्यानी धरावे, एवढा बोध त्यातून निघतो.

दुसरे उदाहरण लंडनचे. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये मंडप हवा होता. १८५० मध्ये मागविलेले दोनशेहून अधिक आराखडे समितीने नाकारले आणि सुमारे दीड कोटी विटांची अवजड इमारत स्वतःच योजिली. बागेत कायमचे ओझे बसणार, म्हणून लोकांत ओरड झाली. चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या बागेची व्यवस्था पाहणारा जोसेफ पॅक्स्टन याने काचेच्या वनस्पतिगृहांचा अनुभव पदरी असल्याने लोखंड व काच यांच्या मंडपाची कल्पना ११ जून १८५० रोजी एका बैठकीत टीपकागदावर रेखाटली. समितीने आपल्या आराखड्यासाठी दर मागविताना सुधारणा सुचविण्याची मुभा ठेवली होती. त्याच फटीतून फॉक्स, हेंडरसन आणि कंपनीने पॅक्स्टनची योजना दरासह पुढे केली.

त्या दरात खरे चातुर्य आहे. प्रदर्शन संपल्यावर सामान कंत्राटदारांनी परत न्यावयाचे असेल तर ७९,८०० पौंड; इमारत समितीने ठेवून घ्यावयाची असेल तर १,५०,००० पौंड. समितीपुढे तीन भये होती: पैसा, मुदत आणि बाग. दोन दरांनी पहिल्याचे उत्तर झाले. चोवीस फुटांच्या मापावर बेतलेले, कारखान्यांत तयार होऊन जागेवर केवळ जोडावयाचे भाग, हे दुसऱ्याचे. उचलून नेता येणारी इमारत आणि बागेतील जुने वृक्ष पोटात घेणारी उंच कमान, हे तिसऱ्याचे. १ मे १८५१ रोजी, ठरल्या दिवशी, प्रदर्शन उघडले. मागणाराचे भय ओळखून प्रत्येकास आकड्याने किंवा रचनेने उत्तर देणे, हीच निविदालेखनाची कला होय.

तिसरा कागद कालक्रमाने सर्वांत जुना असूनही आम्ही शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत अवघड गोष्ट शिकवतो. फ्लॉरेन्सच्या मुख्य देवालयावर घुमट चढवावयाचा होता. अंतर सुमारे बेचाळीस मीटर. त्यास खालून आधार देण्याइतका लाकडी सांगाडा उभारणे जवळजवळ अशक्य. १४१८ मध्ये कारभारी मंडळाने दोनशे सुवर्ण फ्लोरिनांचे पारितोषिक लावून योजना मागविल्या. सांगाड्याशिवाय घुमट बांधण्याची योजना ब्रुनेलेस्कीने विटांचा नमुना उभारून दाखविली, आणि १४२० मध्ये कामाचे कलमवार वर्णन मंजूर झाले. घुमटाची दोन कवचे, त्यांची तळाची व माथ्याची जाडी, चोवीस बरगड्या, दगडाच्या व लोखंडाच्या साखळ्या, सारे मोजमापांसह त्यात आहे. परंतु तीस ब्राच्चा, म्हणजे सुमारे सतरा मीटर उंचीपर्यंतच सांगाड्याविना बांधण्याची पद्धत निश्चित केली आहे. त्यापुढे कसे चढावे, हे त्या वेळचे जाणते कारागीर ठरवतील, कारण बांधकामात पुढची वाट अनुभवच दाखवितो, अशा आशयाचे कलम आहे. घुमट १४३६ मध्ये पुरा झाला.

हे कलम वाचून आमचा विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, जुन्या पंपांच्या आत काय झिजले आहे, हे उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. मला ते ठाऊक होते. पण लिहिले तर काम जाईल, अशी भीती वाटली.” आम्ही त्यास एवढेच म्हटले, की न लिहूनही काम गेलेच, आणि मिळाले असते, तर ऐन पावसाळ्यात शहराचे पाणी बंद पडल्यावर ते लपविलेले वाक्य लोकांनी नळाशी उभे राहून वाचले असते.

दुसऱ्या एका गावच्या कामासाठी त्याने नवा कागद लिहिला आहे. पहिल्याच पानावर मुदत आहे आणि तीच शेवटच्या कोष्टकात आहे. कारखान्याचा इतिहास एका परिच्छेदात आटोपला आहे. पंप उघडून दोन्ही पक्षांनी मिळून तपासणी करावी, आणि निघेल त्या प्रत्येक झिजलेल्या भागाचा दर आजच लिहून दिला आहे, असे स्वतंत्र कलम त्यात आहे. निकाल अजून लागावयाचा आहे. तो कसाही लागो. त्या कागदाखाली सही करताना त्याचा हात अडखळला नाही, हे आम्ही पाहिले आहे. निविदा वरकरणी मागणे असते खरे. परंतु सही पडताच ती वचन होते, आणि वचनाचे लेखन हा साहित्याच्या अभ्यासाला बाहेरचा विषय आहे, असे आम्ही तरी मानीत नाही.