शिफॉन ते पिको

फ्रेंच भाषेत ‘शिफॉन’ म्हणजे मूळची चिंधी! ह्या नावाच्या तलम रेशमी कापडाला साडी म्हणून मान मिळवून दिला, तो एका मराठी राजकन्येने. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिराराजे ह्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांशी ठरलेला विवाह १९११ साली स्वतः मोडला आणि १९१३ साली कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांना वरले. १९२२ साली त्या विधवा झाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस. रूढीने पांढरे वस्त्र पुढे केले. त्यांनी पांढरेच नेसले. परंतु फ्रान्सहून आणविलेले शिफॉन! माहेरी पैठणी-शालूंना तोटा नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या निवडीतील करारीपणा कळतो.

शिफॉनला जर नको, काठ नको. सारी शोभा अंगावरच्या पडण्यात. म्हणूनच त्याची नक्कल स्वस्तात साधली. सुरतेच्या मागांवर कृत्रिम धाग्याचे जॉर्जेट निघाले (हे नावही एका फ्रेंच शिवणकारणीचे) आणि राजवाड्यातील नेसण मध्यमवर्गीय घरांत आली. विरळ कापडाखाली परकर मात्र नीट बेतलेला हवा. शिवाय काठ नसलेली कड उसवू नये म्हणून तिला पिको करावा लागतो. ‘पिको’ हाही फ्रेंचच शब्द. गल्लीतल्या यंत्रावर बसलेली बाई तो दिवसातून दहादा उच्चारते.