कळ नाही, अक्षर हवे

१५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाच्या नव्या चिन्हाला मंजुरी दिली. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकत्र आणणारे हे चिन्ह डी. उदयकुमार यांचे. पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, येथे त्यांनी संशोधन केले होते. चिन्ह वर्तमानपत्रांत झळकले, पण ते टाइप कसे करायचे? कीबोर्डावर त्याची कळ नव्हती. जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्येही त्याला अजून जागा मिळाली नव्हती.

काही दिवसांतच मंगळूरच्या फोरेडियन या कंपनीने एक मोफत फॉन्ट काढला. तो निवडून टॅबच्या वरची बॅकटिकची कळ दाबली की रुपयाचे चिन्ह उमटायचे. रोजच्या पत्रव्यवहारात ती कळ कोणाला लागत नाही, त्यामुळे युक्ती चपखल होती. पण चिन्ह दिसायचे तेवढेच. फाइलमध्ये साठायचा बॅकटिकच. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की किमतीआधी एक इवलीशी तिरकी रेघ दिसे. प्रोग्रामरला तर ही कळ मुळीच मोकळी नव्हती. मायएसक्यूएलमध्ये तक्त्यांची नावे बॅकटिकमध्ये लिहितात, युनिक्सच्या शेलमध्ये एका आज्ञेचे उत्तर दुसरीत घालायला तोच वापरतात. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० आले आणि रुपयाला स्वतःचा क्रमांक मिळाला, तेव्हा हा प्रश्न मुळापासून सुटला.

कळ नसली की युक्ती, ही रीत टाइपरायटरइतकी जुनी. पवईहून जवळच विक्रोळी. गोदरेज अँड बॉइस या तिथल्या कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि २००९ पर्यंत त्याचे उत्पादन चालू ठेवले. जुन्या इंग्रजी यंत्रांवर पुष्कळदा ‘१’ची कळ नसे, टंकलेखक लहान लिपीतला ‘एल’ वापरून वेळ निभावत. उद्गारचिन्ह नसेल तर अपॉस्ट्रॉफी मारायचा, मागे यायचे आणि खाली टिंब ठोकायचे. देवनागरीची अडचण याहून मोठी होती. स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे हे सगळे इंग्रजीसाठी आखलेल्या चार ओळींत बसवायचे होते. म्हणून पुष्कळ अक्षरे अर्धीच ठेवली गेली. अर्धा ‘ण’ मारून काना दिला की पूर्ण ‘ण’. ‘ष’, ‘भ’, ‘थ’ यांचेही तसेच. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण यंत्रावर ती आधी मारावी लागे. स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासांत हे बोटांत इतके मुरले की संगणक आल्यावरही अनेकांनी तीच मांडणी मागून घेतली. यंत्राच्या मर्यादेतून जन्मलेली सवय यंत्र गेल्यावरही टिकली.

संगणकावर भारतीय लिप्यांना शिस्त आणणारे प्रमाण म्हणजे १९९१चे इस्की आणि त्याच्या जोडीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड. पुढे जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत र. कृ. जोशी काम करत. सुलेखनकार आणि कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या जोशींनी त्याआधी आयडीसीत शिकवले होते. विंडोज २००० सोबत घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. तरीही मराठीची खास अक्षरे रखडलीच. ‘बँक’ लिहिणे सोपे होते, ‘ॲप’ लिहिणे अवघड. कोणी ‘अ’वर चंद्र चढवी, कोणी हिंदीच्या वळणाने ‘ऐप’ लिही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने ते मराठीच्या प्रमाण वर्णमालेत घेतले.

‘ऱ्य’ची कथा आणखी त्रासाची. ‘र’ला हलन्त देऊन ‘य’ लिहिला की रफार डोक्यावर जातो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. उपाय इनस्क्रिप्टमध्ये आहे: शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की टिंबाचा ‘ऱ’ मिळतो, त्याला हलन्त द्यायचा. हे शाळेत फारसे कोणी शिकवत नाही, ही खरी उणीव आहे.

मोबाइल आला आणि कळांची जागा आणखी आक्रसली. देवनागरीतल्या एसएमएसमध्ये १६०ऐवजी ७० अक्षरेच मावत, म्हणून मराठी माणूस रोमन लिपीकडे वळला. आयडीसीत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वर्णमालेच्या क्रमावर बेतलेला ‘कीलेख’ हा कीबोर्ड मांडला. २०१३ मध्ये त्याच केंद्रातून ‘स्वरचक्र’ आले. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उघडते. हव्या मात्रेकडे बोट सरकवायचे. हलन्त दिला की पुढे कोणते जोडाक्षर बनेल ते कळांवरच दिसते. अंधेरी-घाटकोपरच्या मेट्रोत उभ्याने टाइप करणाऱ्याला हे थेट उपयोगाचे. आपल्या लिपीच्या रचनेतूनच कीबोर्ड घडवण्याचा इतका स्वच्छ प्रयत्न विरळा.

फोनवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीही हीच झटापट चालते. एस्केप, टॅब, कंट्रोल या कळा तिथे नाहीत. टर्मक्स या अँड्रॉइड ॲपने आवाज कमी करण्याचे बटण कंट्रोलच्या जागी वापरले आणि पडद्यावर जादा कळांची ओळ दिली. महिरपी कंस दुसऱ्या पानावर दडलेले असतात. सरळ अवतरणचिन्हाचे फोनने परस्पर वळणदार चिन्ह केले की प्रोग्राम अडतो. यालाही पूर्वज आहेत. डेन्मार्क-नॉर्वेच्या कीबोर्डांवर कंसांच्या जागी त्यांच्या भाषेतली अक्षरे असत, म्हणून १९८९च्या प्रमाण ‘सी’ भाषेने दोन प्रश्नचिन्हे आणि एक खूण मिळून कंस मानायची सोय केली. ‘सी’च्या २०२३च्या प्रमाणातून ती काढून टाकली.

युक्ती आजचे काम भागवते. अक्षराला प्रमाणात जागा मिळाली की पुढच्या प्रत्येकाचे भागते. ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ यांना ती जागा मिळाली आहे. आता मराठी ॲप बनवणाऱ्यांनी चाचणीच्या शब्दांत ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ॲसिड’ हे घालावेत, आणि लिहिणाऱ्यांनी ‘दर्या’वर भागवून न घेता ‘ऱ’ शोधून काढावा.